सिनेमाच्या केबिनमधले बिघाड कसे बदलत गेले

३५ मिलिमीटर फिल्मचे दोन हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटी या वेगाने साधारण २२ मिनिटांत संपते. म्हणून जुन्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत. रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की चित्र आणि आवाज पलीकडच्या यंत्रावर जाई. आर्कचा, म्हणजे दोन कार्बन काड्यांमधल्या ठिणगीच्या प्रकाशाचा, बदललेला रंग त्याला डोळ्यांनी कळे, गेटमधून (भिंगामागच्या खाचेतून) निसटू पाहणारी फिल्म आवाजावरून, तापलेली वायर वासावरून. पुढे या प्रत्येक इंद्रियाच्या जागी एकेक स्विच आला आणि विजेचे बिघाडही त्या-त्या स्विचपाशी जमू लागले. स्वयंचलित केबिनमधला दोष शोधायचा तर हा क्रम ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

कार्बन आर्क असेपर्यंत माणूस हलवता येत नव्हता. जळत जाणाऱ्या काड्या सारख्या बदलाव्या लागत. १९५० च्या दशकात झेनॉनचा दिवा आला आणि बटण दाबून प्रकाश मिळू लागला. पण हा दिवा विजेच्या दृष्टीने अवघड. २००० वॅटचा दिवा जेमतेम २५ व्होल्टवर चालतो, म्हणजे तारेतून सुमारे ८० अँपिअर वाहतात. एखाद्या जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध असला, तरी तिथे ६४ वॅट उष्णता निर्माण होते. मीटरवर रोध मोजायला गेलात तर जोड ठीकच दिसेल, कारण मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. दिवा चालू असताना जोडाच्या दोन बाजूंमधले व्होल्टेज मोजले की ०.८ व्होल्ट दिसतात आणि दोष पकडला जातो. दिवा पेटवायला मात्र क्षणभर २० ते ४० हजार व्होल्टचा झटका लागतो. हा झटका देणाऱ्या प्रज्वलकाच्या जवळ हात घालण्याआधी सप्लाय तोडायचाच, इथे घाई जिवावर बेतते.

१९६३ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला स्टॅनली डरवुड यांनी ‘पार्कवे ट्विन’ उघडले. दोन पडदे, केबिन एकच. त्याच दशकात जर्मनीतले चित्रपटगृहमालक विली बुर्थ यांनी आडव्या तबकड्यांचा प्लॅटर आणला. अख्खा चित्रपट एकाच तबकडीवर, फिल्म आतल्या बाजूने निघून दुसऱ्या तबकडीवर गुंडाळली जाते, मागे फिरवायची गरजच नाही. त्याची दखल पुढे अमेरिकी अकादमीने तांत्रिक पुरस्कार देऊन घेतली. आता रीळ बदलायला कुणी लागत नव्हते. हॉलमधले दिवे मंद करायला, पडदा सरकवायला, शेवटी मोटर थांबवायला मात्र कुणीतरी हवे होते. ते काम फॉइलने केले.

फिल्मच्या कडेला चिकटवलेली ही धातूची छोटी पट्टी. ती दोन रोळ्यांना एकाच वेळी टेकली की सर्किट पूर्ण होई आणि रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जाई; नंतरच्या यंत्रांत न टेकता धातू ओळखणारे सेन्सर आले. ऐन प्रसंगात दिवे लागले की सगळे कंट्रोल पेटी उघडायला धावत. पुष्कळदा पेटी निर्दोष असे. प्रिंट आधी ज्या गावात चालली, तिथली जुनी पट्टी तशीच राहिलेली असे. किंवा उलट, रोळ्यावर तेल आणि फिल्मची धूळ बसल्याने नवी पट्टी वाचलीच जात नसे. म्हणून जाणता कारागीर आधी सेन्सरच्या दोन टर्मिनलांना वायरचा तुकडा लावून बघे. दिव्यांत फरक पडला तर दोष अलीकडे, सेन्सरपाशी; नाही पडला तर पुढे, पेटीकडे.

रिलेच्या काळात कंट्रोल बहुधा २४ व्होल्टचे आणि दणकट. कॉन्टॅक्ट जळत, पण ते दिसत. १९७०-८० च्या दशकांत मायक्रोप्रोसेसर आला आणि दोष अदृश्य झाले. झेनॉनच्या प्रज्वलनाचा झटका कंट्रोलच्या वायरीत शिरून चिप गोंधळे. वायरी वेगळ्या वाटेने नेणे, वायरीवरचे शील्ड (धातूचे आवरण) एकाच टोकाला जमिनीशी जोडणे (अर्थिंग) हाच उपाय. रिलेच्या कॉइलवरचा झटका शोषणारा डायोड उडाला, तर रिले सुटताना उठणारा झटका शेजारच्या सर्किटला खोटी आज्ञा देई. मायक्रोस्विचचा दोष तर फारच फसवा. जाड प्रवाहासाठी बनवलेल्या चांदीच्या कॉन्टॅक्टमधून काही मिलिअँपिअर गेले, की त्यावरचा थर जळून साफ होत नाही आणि स्विच कधी लागतो, कधी नाही. तिथे सोन्याचा मुलामा असलेलाच हवा.

१९९० च्या दशकात पॉलिएस्टर फिल्म रुळली. आधीची ॲसिटेटची फिल्म तुटे, ताणलेल्या फिल्मवर टेकलेली सुरक्षा-स्विचची दांडी खाली पडे आणि यंत्र थांबे. पॉलिएस्टर तुटतच नाही; फिल्म अडकली तरी ताण कायम राहतो, दांडी जागची हलत नाही आणि यंत्राचे भाग वाकतात. त्यामुळे जादा ताण ओळखणारे स्विचही बसवावे लागले. कोरड्या हवेत तिच्यावर साचणाऱ्या स्थिर विजेने वेढे एकमेकांना चिकटत.

आपल्याकडे १९९७ मध्ये दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स आले. महाराष्ट्रातल्या अनेक एकपडदा थिएटरांत मात्र दोन प्रोजेक्टर आणि ऑपरेटरच राहिले, आणि २००५ नंतरच्या वर्षांत ती थेट डिजिटलवर गेली. फॉइल आणि प्लॅटरचा टप्पा त्यांनी पाहिलाच नाही. डिजिटल सिनेमाचे डीसीआय हे हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून ठरवलेले मानकही जुलै २००५ चेच. आता दिवे मंद करण्याची आज्ञा सर्व्हर ठरल्या क्षणी पाठवतो, पण दिव्यांच्या पेटीपाशी ती पोचते ती अनेक ठिकाणी एका छोट्या रिलेच्या कॉन्टॅक्टमधूनच, आणि तो अडला तर तिथे वायरचा तोच तुकडा लावून पाहावा लागतो.