साडेतेरा सेंटिमीटरच्या पापलेटमागचा इतिहास

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370, घोळ 700. त्याहून लहान मासळी पकडायची नाही. पापलेटला राज्यमाशाचा मान मिळून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासातून आले. पण शास्त्राने दर्याची काळजी वाहावी, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा घडली. आधी बराच काळ शास्त्राचं काम होतं ते मासळी जास्त कशी मिळेल, हे दाखवण्याचं.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात जायचं, हा क्रम कोणत्याही कायद्याच्या आधीचा. खवळलेला समुद्र हे त्याचं उघड कारण. पण त्याच दिवसांत अनेक जातींची मासळी अंडी घालते, त्यामुळे तिला आपोआप उसंत मिळायची. शिडाच्या होडीला जिथवर जाता यायचं तिथवरच मासेमारी पोचायची, हीदेखील एक मर्यादाच होती.

ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न इंग्रजी अमलातच सुरू झाले. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेवर चालणारा ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणारं जहाज, वापरून पाहिला. खरा बदल घडला स्वातंत्र्यानंतर. 1947 मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निघाली; तिचं मुख्यालय तमिळनाडूतल्या मंडपमला होतं, पुढे ते कोचीला गेलं. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ यांत्रिक होड्यांचा प्रकल्प उभा राहिला. कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी सगळ्या किनाऱ्यावर पसरली. देशाला अन्न हवं होतं, परकीय चलन हवं होतं. त्या काळाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण किनाऱ्यालगत हाताने जाळं ओढणाऱ्याचं काय होईल, हा प्रश्न त्या योजनांमध्ये जवळपास नव्हताच.

तो प्रश्न विचारला गोव्याच्या रापणकारांनी. रापण म्हणजे अख्ख्या वाड्याने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागल्यावर सत्तरच्या दशकात मथानी सालढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. केरळातही असाच संघर्ष पेटला होता. त्यातूनच 1980 मध्ये गोवा आणि केरळ यांचे, तर 1981 मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. राज्याची हद्द 12 सागरी मैलांची आणि त्यापुढचा समुद्र केंद्राचा, ही वाटणी मासळीला कळत नाही. आजचे निम्मे वाद या रेषेवरचेच आहेत.

पावसाळी बंदीही कायद्यात आली, पण तिच्या तारखा सरकत राहिल्या. महाराष्ट्रात ती एकेकाळी 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तिथवर असायची. 2015 पासून पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी आहे. सण मागे राहिला आणि कॅलेंडर पुढे गेलं, याची खंत कोळीवाड्यांत अजून ऐकू येते. मला ती रास्त वाटते.

दरम्यान पर्ससीन आलं. मासळीच्या थव्याला वेढा घालून, खालून दोरी आवळून अख्खा थवा उचलणारं हे जाळं. तारली-बांगड्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात तेढ वाढली. डॉ. वि. स. सोमवंशी यांच्या समितीने अभ्यास केला आणि 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच उरला.

किमान लांबीचा विचार मात्र भांडणातून नव्हे, मोजणीतून आला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक वर्षानुवर्षं बंदरांवर उभे राहून उतरलेली मासळी जातीनुसार मोजत आले आहेत. मासा किती लांबीचा झाला की पहिल्यांदा अंडी धरतो, हे त्याचं पोट फाडून तपासलं जातं. त्यातून आकडा निघतो. केरळने 2015 मध्ये 14 जातींपासून सुरुवात केली होती. आणि पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे मच्छीमार तर पापलेटची पिल्लं जाळ्यात येतात म्हणून कधीपासून सांगत होते.

अडचण डोल जाळ्यात आहे. भरती-ओहोटीच्या ओढीत रोवलेलं हे जाळं बोंबील, जवळा, करंदी यांच्यासाठी बारीक आसाचंच, म्हणजे लहान भोकांचंच, लागतं. त्यात पापलेटची पिल्लंही शिरतात आणि जाळं वर येईपर्यंत ती मेलेली असतात. होडीवर पट्टी धरून त्यांची लांबी मोजली, तरी समुद्रात परत सोडायला जिवंत काही उरत नाही. डोलकराचं पोट जवळ्यावर, मोठ्या आसाचं दालदी जाळं लावणाऱ्याचं मोठ्या पापलेटवर. दोघे एकाच किनाऱ्यावरचे, कधी एकाच गावचे. पिल्लं कोणत्या महिन्यांत, कोणत्या पाण्यात गोळा होतात हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यांची ही माहिती आणि बंदरावरच्या नोंदी एकत्र बसवून त्या जागा तेवढ्या दिवसांपुरत्या मोकळ्या ठेवायच्या, हे काम आता व्हायला हवं आहे.