पाय वाढवायचं ऑपरेशन, त्याचा खर्च आणि मिरजेची वाट : थोडी पार्श्वभूमी

आमच्या बेळगाव भागात हा विषय आता सारखा निघतोय. कुणाचा तरी पोरगा रात्री मोबाईलवर बघत बसतो, तुर्कीला एवढ्यात होतंय, दिल्लीला एवढ्यात, तीन इंच उंची वाढते म्हणे, आणि सकाळी चहाला घरात तोच विषय. आणि ज्यांचा पाय खरोखरच आखूड आहे, लहानपणी पोलिओ झालेला किंवा ॲक्सिडेंटमधे हाड गेलेलं, त्यांनाही हेच ऑपरेशन लागतं. दोघांचा प्रश्न एकच, कमी खर्चात कुठं होईल? मला वाटतं हा प्रश्न समजून घ्यायला जरा मागं जायला पाहिजे, कारण या ऑपरेशनचा इतिहासच मुळात प्रवासाचा आहे.

पहिला प्रयत्न इटलीतला. बोलोन्याच्या अलेस्सांद्रो कोदिविल्ला या सर्जननं १९०५ च्या सुमारास हाड कापून पाय लांब करायची पद्धत मांडली. पण तो एकदम जोरात ओढायचा, आणि हाड एकवेळ ओढलं जाईल पण नसा, स्नायू, रक्तवाहिन्या तेवढ्या झटक्यात कशा येणार? त्यामुळं त्रास फार व्हायचा. पुढची पन्नासएक वर्षं हे काम असंच अडखळत चाललं.

गाठ सुटली ती सायबेरियात. गाव्रीईल इलिझारोव, जन्म १९२१, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी डॉक्टर होऊन कुर्गान भागातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नेमणूक झालेला माणूस. पुढ्यात सगळे युद्धातनं आलेले जखमी, हाडं न जुळलेली, जखमा चिघळलेल्या, औषधं पुरेशी नाहीत. त्यानं पायाभोवती लोखंडी रिंगा बसवल्या, त्यातनं बारीक तारा सायकलच्या तारांसारख्या ताणून हाडातनं आरपार घातल्या, आणि रिंगा एकमेकींना नट-बोल्टच्या सळ्यांनी जोडल्या. मुळात हे हाड दाबून धरायला होतं. असं सांगतात की एका पेशंटनं नट उलटा फिरवला, हाडात फट पडली आणि त्या फटीत नवीन हाड तयार झालं. गोष्ट तंतोतंत तशीच घडली का ते सोडा, पण यातनं जे सूत्र निघालं ते आजपण तेच आहे : हाड जपून कापायचं, पाच-सात दिवस थांबायचं, मग नट फिरवून फट रोज १ मिलीमीटर वाढवायची, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलीमीटर करून दिवसातनं चारदा.

मॉस्कोच्या मोठ्या डॉक्टरांनी बरीच वर्षं त्याला जवळ केलं नाही. मग वालेरी ब्रुमेल आला. १९६४ चा ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, २.२८ मीटर उंच उडीचा विश्वविक्रम त्याच्या नावावर, आणि १९६५ ला मोटारसायकलच्या अपघातात पायाचा चुराडा. मॉस्कोत ऑपरेशनवर ऑपरेशनं झाली, पाय काही धड होईना, शेवटी १९६८ ला तो कुर्गानला गेला आणि तिथं बरा झाला. म्हणजे बघा, राजधानीचा माणूस उपचारासाठी सायबेरियाला! नंतर १९८० ला इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी आपला वर्षानुवर्षं न जुळलेला पाय घेऊन तिथंच गेला, तो चालत परत आल्यावर इटलीतले डॉक्टर चक्रावले आणि १९८१ ला इलिझारोवला इटलीत व्याख्यानाला बोलावलं. तिथनं ही पद्धत जगभर पसरली. एका पेशंटच्या प्रवासानं पद्धत पसरली असं म्हटलं तरी चालेल.

भारतात हे काम रुजलं त्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी, स्वस्थियोग प्रतिष्ठानवाले, इलिझारोव पद्धत भारतात आणणाऱ्या पहिल्या फळीतलं नाव. अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरींनी खास याच पद्धतीचं सेंटर चालवलं. मुंबई-दिल्ली सोडून मिरज आणि अकोला! आणि मिरज तर बेळगावकरांना नवीन नाहीच. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ ला तिथं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासनं आपली माणसं आगगाडीत बसून मिरजेला जातायत. घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार करत अडीच-तीन तासांत पोचतो माणूस. बेळगावातच १९६३ पासनं मेडिकल कॉलेज आहे, मोठी हॉस्पिटलं झाली, तरी हाडाचं अवघड काम म्हटलं की घरातली म्हातारी माणसं आजही म्हणतात, मिरजेला दाखवून या की एकदा.

आता खर्चाकडं येतो. अमेरिकेत उंचीसाठीच्या ऑपरेशनला ७५ हजार डॉलरच्या पुढं, कधी त्याच्या दुप्पटही लागतात, म्हणून तिकडची माणसं तुर्कीला, भारताला येतात. चीनमधे हा धंदा फार बोकाळला होता, लोकांचे पाय खराब व्हायला लागले आणि तिथल्या सरकारनं २००६ ला नुसत्या उंचीसाठी हे ऑपरेशन करायला बंदी घातली. मग २०११ पासनं हाडाच्या आत बसवायचा चुंबकावर चालणारा खिळा आला, मांडीवर बाहेरनं एक मशीन ठेवलं की आतला खिळा जराजरा लांब होतो, बाहेर रिंगा नाहीत, तारांच्या जखमा नाहीत. पण तो इम्पोर्टेड, खिळ्याचीच किंमत जबर. त्यातलाच जास्त वजन पेलणारा स्टीलचा नवा प्रकार २०१८ ला आला आणि २०२१ ला कंपनीनं परत मागवला, गंज आणि हाडातल्या बदलांच्या तक्रारींमुळं. परदेशात जाऊन बसवून आलेल्यांनी तेव्हा कुणाकडं जायचं?

हा मुद्दा मला आमच्या घरात कळला. माझा आतेभाऊ खानापूर तालुक्यातला, लहानपणी हाडात पू होऊन डावा पाय ४ सेंटीमीटर आखूड राहिलेला. लांबच्या एका मोठ्या शहरात स्वस्त पॅकेज मिळालं, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, ऑपरेशन, रूम, जेवण सगळं धरून. बाराव्या दिवशी डिस्चार्ज, हातात १० नंबरचा पाना आणि एक कागद. आत्तीनं प्रत्येक नटावर नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला, ठिपका पाव फेरा सरकला की पाव मिलीमीटर. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, मोबाईलला अलार्म लावून. ४ सेंटीमीटर म्हणजे ४० दिवस, १६० वेळा पाना. पॅन्ट चढत नाही म्हणून लुंगी, रिंगांवर आत्तीच्या जुन्या साडीचं कापड.

वीसएक दिवसांनी दोन तारांच्या तोंडाशी लाल झालं, पाणी यायला लागलं, आणि पाऊल खाली झुकायला लागलं, घोट्यातनं वर येईनाच. फोन केला तर फोटो पाठवा म्हणाले, फोटो पाठवला तर उत्तर तीन दिवसांनी. रेल्वेचं रिझर्व्हेशन नाही, गाडी करून जायचं तर एका खेपेचेच हजारो रुपये, पोराला बसवणार कसं. शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तारा बदलल्या, पाऊल वर धरायला पट्टी बांधून दिली, रोजचे व्यायाम शिकवले आणि म्हणाले, "अहो, ऑपरेशन दोन तासांचं असतंय, उपचार सहा महिन्यांचा. रोज बघणारा माणूस जवळ नको का?"

हेच खरं गणित आहे. पाय वाढवणं संपलं तरी नवीन हाड पक्कं व्हायला वेळ लागतो, ढोबळमानानं एका सेंटीमीटरला एक महिना, मोठ्या माणसाला त्याहून जास्त. तेवढे दिवस रिंगा पायात, दर दहा-पंधरा दिवसांनी एक्सरे, रोज फिजिओथेरपी, तारांची सफाई. पॅकेजमधे हे येत नाही. घरातल्या एकाची बुडालेली मजुरी येत नाही, खोलीचं भाडं येत नाही. म्हणून दोन ठिकाणांचे आकडे शेजारी ठेवताना ऑपरेशनच्या किमतीत खेपा किती आणि एका खेपेला किती हे मिळवून बघा. आतेभावाला मिरजेच्या नऊ खेपा लागल्या, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत. कुर्गानला लोक महिनेमहिने राहायचे ते काय हौसेनं नाही, डॉक्टरच्या नजरेखाली राहायला लागायचं म्हणून.

योजनांचं पण सांगतो. नुसती उंची वाढवायला कुठलीच सरकारी योजना पैसे देत नाही. खरोखरच्या व्यंगासाठी मात्र विचारून बघायला पाहिजे, आणि इथं सीमेचा गुंता येतो. कर्नाटकाचं कार्ड वेगळं, महाराष्ट्राचं वेगळं, बेळगावचा पेशंट मिरजेला गेला की काउंटरवर पहिला प्रश्न रेशन कार्ड कुठलं. २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं लगेच विरोध केला. पाय आखूड असलेल्या पोराला या भांडणाशी काय देणंघेणं? आपलं गाव त्या यादीत आहे का, हॉस्पिटल कुठल्या योजनेत आहे, हे ऑपरेशन त्यात बसतंय का, हे ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, तोंडावर विचारून, लिहून घेऊन या.

आतेभावाच्या रिंगा सातव्या महिन्यात निघाल्या. त्या दिवशी येताना उगारला गाडी थांबली तेव्हा तो दारापर्यंत चालत गेला, आणि आत्ती एवढंच म्हणाली, अरे दोन्ही चपला सारख्याच घातल्यास की आज.