तर्रीची बदनामी आणि बाजेखालच्या विटा

विहिरीवरची मोटर नुसती घुरघुरते, पाणी काही ओढत नाही, तेव्हा जाणता माणूस आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो. गावाकडे त्याला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात. त्यात काडीकचरा अडकला की चढलेलं पाणी पुन्हा विहिरीत उतरतं. आपल्या जठराच्या तोंडाशीही असाच फुटबॉल आहे, फक्त उलटा बसवलेला. खाली जाऊ द्यायचं, वर येऊ द्यायचं नाही. अन्ननलिकेच्या तळाशी ३-४ सेंटिमीटर लांबीचा हा आवळलेला स्नायू अवेळी सैल पडला की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला आतून चिकट श्लेष्म्याचं जाड अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. म्हणून छातीत आग आणि घशाशी आंबट पाणी.

याला आपण 'पित्त झालं' म्हणतो. खरं पित्त यकृतात बनतं, ते कडू आणि हिरवट-पिवळं असतं. जाळतं ते बहुतेक वेळा जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. असो, नावाचं भांडण नाही. भांडण आहे ते तर्रीवर घेतल्या जाणाऱ्या आळाचं. मिरचीतलं कॅप्सायसिन आधीच सोलवटलेल्या नळीला झोंबतं, हे खरं. पण रश्श्यावरच्या तेलाच्या तवंगाबद्दल कोणी बोलत नाही. तेलकट जेवणानं जठर उशिरा रिकामं होतं. ज्याला तिखट सोसतं त्यानं उगाच ठेचा सोडू नये.

माझ्या मते ताटात काय होतं यापेक्षा ताट आणि बाज यांच्यात किती वेळ गेला, हे आधी विचारावं. शेतीच्या विजेची लाइन रात्रीची असली की ओलितावरचा माणूस ११ वाजता घरी येतो, भुकेनं कावलेला असतो, दोन भाकरी जास्तच खातो आणि लगेच आडवा होतो. ताणलेलं जठर त्या स्नायूला पुन्हा पुन्हा सैल करतं. ढेकर याच वाटेनं येते. उभं असताना आम्ल स्वतःच्या वजनानं खाली राहतं, आडवं झालं की तो आधार जातो. जेवण आणि झोप यांत ३ तास असावेत. रात्रीचं ओलीत असेल तर पोटभर जेवण शेतात जाण्याआधी करावं, परतल्यावर वाटीभर वरण-भात पुरे.

कापूस वेचणाऱ्या बायांचं दुखणं वेगळं. दुपारची शिदोरी खाल्ली की कमरेला ओटी आवळायची आणि वाकून वेचायला लागायचं. भरलेल्या पोटावर बाहेरून दाब, वर शरीर पुढे झुकलेलं. जेवणानंतर थोडा वेळ ओटी सैल ठेवली आणि ताठ बसून घेतलं तरी फरक पडतो. अर्थात मजुरी किलोवर असते, तेव्हा हे सांगणं सोपं आहे.

खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, मात्र मी सोपंच सांगतो: सोडा. निकोटिन तो स्नायू ढिला करतं. लाळेत बायकार्बोनेट असतं, ती गिळली की वर आलेलं आम्ल धुऊन निघतं. खर्रा खाणारा तीच लाळ भिंतीवर थुंकतो.

मेडिकलमधून आणलेली पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणानंतर घेणारेही पुष्कळ. ती साधारण अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असते. खाण्याच्या सोड्यानं घटकाभर बरं वाटतं, पण त्यात सोडियम असतं, बीपीवाल्यांनी जपावं. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल तर घरी थांबू नये. छाती दाटून घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर 'गॅस असेल' म्हणत रात्र काढू नये, थेट दवाखाना गाठावा.

आता विटा. बाजेचे डोक्याकडचे पाय सुमारे १५ सेंटिमीटर उंच केले की रात्री आम्ल खालीच राहतं. प्रत्येक पायाखाली भट्टीच्या दोन विटा एकावर एक ठेवल्या की काम झालं. नुसत्या उशा रचल्या तर माणूस पोटात दुमडतो आणि दाब उलट वाढतो. ढिली बाजही हेच करते, म्हणून आधी ती ताणून घ्यावी. डाव्या कुशीवर झोपलं तर जठराची पिशवी नळीच्या तोंडाखाली राहते, तेही बरं.

आमच्या मोठ्या बाबांना हे सांगून मी यवतमाळला गेलो. आठ दिवसांनी फोन आला, "तुह्या विटाईनं त जास्तच जळते रे बापा!" घरी जाऊन पाहिलं तर चारही विटा पायथ्याशी. गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी त्या तिकडे लावल्या होत्या.