सुलावेसीचे 103 सोंडे: नावामागची गोष्ट

तांदूळ निवडताना ताटात एखादा काळपट किडा चालताना दिसतो. तोंडापुढे बारीक सोंड. बोट लावले की पाय आवळून मेल्यासारखा पडून राहतो. आपण त्याला सोंडा म्हणतो, काही घरांत टोका. लांबी जेमतेम 3 मिलिमीटर. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनेअसने 1763 मध्येच त्याला शास्त्रीय नाव देऊन टाकले, कारण त्याला शोधायला जंगलात जावे लागत नव्हते, तो धान्याच्या कोठारातच होता. त्याचे दूरचे भाऊबंद इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर कुजत्या पाचोळ्यात आणि झुडपांवर राहतात. आकार साधारण तेवढाच, सोंड तशीच, मेल्याचे सोंगही तेच. त्यांना नावे मिळायला मात्र 2019 साल उजाडले. त्या वर्षी एकाच शोधनिबंधात त्यांच्या 103 नव्या जाती जाहीर झाल्या.

या सोंड्यांचा वंश ट्रिगोनोप्टेरस. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फोव्हेल याने तो 1862 मध्ये नोंदवला. सुलावेसीवरून त्यातली एक जात 1885 मध्ये कागदावर आली आणि पुढची 134 वर्षे तेवढ्यावरच राहिली. बेट काही अनोळखी नव्हते. ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस 1850 च्या दशकात तिथे राहून पक्षी आणि कीटक गोळा करत होता, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या प्राणिसृष्टीमधल्या सीमेचा विचार त्याने याच बेटांच्या पट्ट्यात केला. तरीही हे सोंडे नजरेतून सुटले, आणि यात मला नवल वाटत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा गडद किडा ओल्या पानाखाली बसलेला असतो, पान हलले की पाय मिटून मातीत पडतो आणि मातीचाच कण होऊन जातो.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथील निसर्गविज्ञान संग्रहालयाचे आलेक्झांडर रीडेल या वंशाच्या मागे अनेक वर्षे आहेत. पाचोळा चाळणीतून चाळायचा, खाली पडलेला चुरा पसरायचा आणि त्यातला कोणता कण चालू लागतो हे पाहत बसायचे. झुडपांसाठी फांदी झोडपून खाली धरलेल्या कापडावर काय पडते ते वेचायचे. एवढ्याशा किड्याला टाचणी टोचता येत नाही. कागदाच्या चिमुकल्या त्रिकोणाच्या टोकावर तो डिंकाने चिकटवतात आणि टाचणी त्या कागदाला टोचतात. खाली चिठ्ठी: ठिकाण, उंची, तारीख.

खरे काम यानंतर सुरू होते. प्राण्यांच्या नावांचा हिशेब 1758 पासून धरला जातो आणि नव्या जातीसाठी नियम कडक आहेत. नुसते नाव चालत नाही. ती जात इतरांहून कशी वेगळी ते लिहून प्रसिद्ध करावे लागते आणि एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवून संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे कधी वाद झाला तर शब्द त्या एका किड्याचा. ट्रिगोनोप्टेरसची अडचण अशी की शंभर किडे रांगेत मांडले तर बरेचसे सारखेच दिसतात. नराच्या जननेंद्रियाची रचना पाहावी लागते, तीही सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करून. जुन्या पद्धतीने प्रत्येक जातीचे सविस्तर वर्णन आणि चित्रे करत बसले तर एका माणसाचे आयुष्य पुरत नाही.

ही कोंडी डीएनएने फोडली. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडलेली कल्पना साधी होती: एका ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची. रीडेल आणि सहकाऱ्यांनी तो तुकडा किडा न मोडता काढला, त्यामुळे नमुना शाबूत राहिला. डीएनएने गट पाडून दिले, मग शरीररचनेने ते तपासले. वर्णन आटोपशीर, सोबत स्वच्छ छायाचित्र. या रीतीने 2013 मध्ये न्यू गिनीतल्या 101 जाती एकदम प्रसिद्ध झाल्या. नावे सुचेनात, तेव्हा पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावे घेतली. मला ही युक्ती मनापासून आवडते. किडा तिथला, नावही तिथल्याच घरातले.

या वंशाने 2011 मध्ये आणखी एक चकित करणारी गोष्ट दाखवली होती. पापुआतल्या एका जातीच्या पायाचा क्ष-किरणांनी त्रिमित वेध घेतला, तर खुब्याचा सांधा चक्क स्क्रू आणि नटसारखा निघाला. एका भागावर आटे, दुसऱ्यात त्याला जुळणारी खाच. माणसाने स्क्रू घडवण्याच्या कितीतरी आधीपासून हे सोंडे पाय फिरवत होते.

सुलावेसीचे काम रीडेल यांनी इंडोनेशियातल्या बोगोर प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांबरोबर केले. नावांत डार्विन, डीएनएची रचना उलगडणारे वॉटसन आणि क्रिक, आणि हेबर्टही आहेत. एका हिरवट, बुटक्या सोंड्याचे नाव योडा, ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या तशाच हिरव्या, बुटक्या पात्रावरून. या नावांमुळे बातमी जगभर गेली. मला मात्र चिठ्ठीवरचे ठिकाण जास्त महत्त्वाचे वाटते. या सोंड्यांना उडता येत नाही, ते फार दूर जात नाहीत, त्यामुळे एका डोंगरावरची जात दुसऱ्या डोंगरावर सापडेलच असे नाही. तो एक उतार तोडला गेला, तर तिथल्या जातीला दुसरीकडे घर नसते. आणि नाव नसलेली जात गेली, तर गेली हेही कुणाला कळत नाही.

2021 मध्ये मध्य सुलावेसीतून याच वंशाच्या आणखी 28 जातींना नावे मिळाली.