फणसवाडीत फणस होते तेव्हापासून

गिरगावात पत्ता सांगताना आपण सहज बोलून जातो: आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, भुलेश्वरची फोफळवाडी. फोफळ म्हणजे सुपारी. मुगभाट, बोरभाट यांतला ‘भाट’ म्हणजे लागवडीची जमीन, आणि खेतवाडीची तर फोड करून सांगायलाही नको. घरच्या घरी भाजी लावणं हे मुंबईत नवं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या पाट्या सावकाश वाचाव्यात. इथे घरात बाग शिरली नाही, बागेत घरं शिरली. नंतरची दीडशे वर्षं झाडं उरलेल्या फटीत जागा शोधत राहिली आणि ती फट किती रुंद हे बहुतेक वेळा बांधकामाच्या नियमांनी ठरवलं.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली. १८६०च्या दशकात कापसाच्या तेजीत पैसा आला, माणसं आली, वाड्यांमध्ये चाळी उठल्या. पश्चिमेची रेल्वे झाली तसा वसईचा भाजीपाला, केळी, विड्याची पानं टोपल्यांतून थेट शहरात उतरू लागली. दारात भाजी येते म्हटल्यावर अंगणातली वेल कोण जपणार? आणि अंगण तरी कुठे राहिलं होतं?

चाळीत उरली ती सामायिक गॅलरी. रॉकेलचा रिकामा डबा, आणि १९३७ नंतर डालडाचा, हीच कुंडी. तळाला खिळ्याने भोकं पाडायची आणि तारेने कठड्याला बांधायचा. त्यात तुळस असायचीच. शेजारी पानओवा, गवती चहा, फार तर कढीपत्त्याचं किडकिडीत रोप. यादी बघितली तर लक्षात येतं की यातलं पोट भरायला काहीच नाही. सर्दीचा काढा, चहाची चव, भज्यांची पानं. गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागणार, ऊन तासभर मिळणार, पाण्याची वेळ ठरलेली. एवढ्यात जगेल आणि चार पानं खुडली तरी रागावणार नाही, तेच टिकलं.

माझ्या आजीच्या चाळीमागे घरगल्ली, म्हणजे सांडपाण्याची अरुंद बोळ, होती. मोरीचे पाइप जिथे गळायचे तिथे अळूचं रान माजलेलं. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू लावायची रीत आहे, तीच सवय इथे आपोआप उगवलेली. पण आजी श्रावणात वड्यांसाठी त्या पानांना हात लावायची नाही. “ते बघायचं अळू,” म्हणायची, आणि वसईवाल्या बाईकडून जुडी घ्यायची. पाणी कुठलं आहे याचा हा हिशेब पुढे अनेकांना उशिरा सुचला. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पालक, माठ, भेंडी दिसायची, ती रेल्वेच्याच ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेतून कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिलेल्या जमिनीवरची. तिला नाल्याचं पाणी जातं म्हणून ओरड व्हायची, थोड्या दिवसांनी विरायची, आणि गाडीच्या खिडकीतून भेंडी पुन्हा दिसू लागायची.

‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा युद्धकाळातली. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं, बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती, आणि सरकार मोकळी जमीन दिसेल तिथे पेरा म्हणत होतं. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. दिल्लीच्या बंगल्याला ते शोभलं. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत नांगरायला काय होतं?

तरी दादर, माटुंगा, शिवाजी पार्ककडे १९३०च्या आसपास सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मध्यमवर्गाला स्वतःची बाल्कनी मिळाली. मुंबईच्या घरबागेचा हा बरा काळ. पण बाल्कनीला दुसराच उमेदवार होता: घरातला वाढता माणूस. मुलगा मोठा झाला, पाहुणे राहायला आले, की काचा लावून बाल्कनी आत घ्यायची. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमधून (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्या हिशेबातून) वगळलेली होती आणि अधिमूल्य भरून ती बंद करून घ्यायची सोयही होती. कुंड्यांनी खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये बिऱ्हाड हलवलं.

याच काळात इमारतींच्या नकाशांवर एक गोड शब्द दिसू लागला: फ्लॉवर बेड. खिडकीखाली फुलझाडांसाठी जागा, एफएसआयमध्ये न धरलेली. कागदावर बघाल तर मुंबईचा प्रत्येक फ्लॅट फुललेला असायला हवा होता. प्रत्यक्षात बिल्डर ती जागा विकायचे, घेणारा ताबा मिळताच मधली भिंत पाडायचा आणि शेवंतीच्या जागी पलंग टाकायचा. मी असे किमान चार फ्लॉवर बेड पाहिलेत, एकात कपाट होतं, एकात देवघर. देवघरात निदान हार तरी होता. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड, पोकळ्या सगळं एफएसआयमध्ये धरायचं ठरलं आणि त्याऐवजी निवासी इमारतींना अधिमूल्य घेऊन ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय दिला. लबाडी थांबली हे खरं. नव्या नकाशांतून फ्लॉवर बेड मात्र गेले.

उरली गच्ची. तिथे अडचण मातीची. ओल्या मातीचा एक घनफूट ४५-५० किलोच्या घरात जातो. स्लॅब गळेल म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी आधीच हात आडवा धरून उभा असतो, आणि मुंबईत मातीही पोत्याने विकत आणावी लागते. या अडचणीवर इथल्याच माणसांनी उपाय काढला. डॉ. आर. टी. दोशी यांनी मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडं वापरली. रसवंतीवाला ती टाकूनच देतो. प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि पिंपांत चिपाडं कुजवत त्यांनी गच्चीवर भाज्या आणि फळझाडं घेतली. दुसरा धागा श्रीपाद अच्युत दाभोलकरांचा. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांना पानाचं क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारं ऊन मोजायला लावायचा. ते काम पुढे दीपक सचदे यांनी ‘अमृत कृषी’ म्हणून नेलं.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरात हे धागे एकत्र आले. सुमारे ३,००० कामगारांचं जेवण तिथे व्हायचं, देठं-सालींचा ढीग रोजचा. खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी तो वरच्याच गच्चीवर नेला, आणि दोन हजारच्या दशकात तिथे पेरू, चिकू, नारळासकट बाग झाली. ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट त्यातूनच निघाला. त्यांचं अमृतजल हे पातळ खत अनेकांच्या वहीत सापडेल: दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचं. लिफ्टमधून शेणाची बादली नेताना शेजारी कसं बघतात ते कृतीत लिहिलेलं नसतं.

२०१७मध्ये महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हा खत फुकट मिळू लागलं आणि काही सेक्रेटरी मवाळ झाले. २०२०च्या टाळेबंदीत तर डब्यातली मेथी आणि धणेसुद्धा मातीत गेले. धणे चोळून दोन फाका केल्याशिवाय नीट उगवत नाहीत, हे ज्यांना तोवर ठाऊक नव्हतं त्यांना तेव्हा कळलं.

सध्या माझ्या ग्रिलमध्ये कोळणीकडून आणलेला थर्माकोलचा खोका आहे. आठवडाभर त्याचा बांगड्याचा वास जात नव्हता. पालक पहिल्याच जोरदार पावसात कुजला, टोमॅटो नोव्हेंबरशिवाय लावायचा नाही हे आता समजलंय. मायाळू मात्र पावसाला भीत नाही, वरच्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचली आहे. डेंग्यूच्या तपासणीला पालिकेचा माणूस आला होता. त्याने कुंडीखालची ताटली पालथी करून पाणी ओतून दिलं, वेलीकडे पाहिलं आणि विचारलं, “याची भजी होतात ना?”

चार पानं खुडून कागदात बांधून दिली.