‘रेफर’नंतरचा सव्वा महिना

बारशाला आत्यानं कानात ‘कुर्रर्र’ केलं, बाळ दचकलं, की बायका म्हणतात, ऐकू येतंय हो छान! इंदूरच्या मराठी घरांत अजूनही श्रवणाची पहिली चाचणी हीच. पण बाळ कानाला लागलेल्या फुंकरीनंही दचकतं. आणि एकाच कानानं ऐकणारं बाळ थाळी वाजवली तरी डोळे मिचकावतंच. म्हणून दवाखान्यात यंत्रानं कान तपासतात; शंका आली, की कागदावर ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा, असं लिहून देतात.

डॉक्टरांची सुरुवातही फार वेगळी नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हरला मॅरियन डाउन्स यांनी नवजात बाळांना मोठा आवाज ऐकवून त्यांच्या हालचाली टिपून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्याच आग्रहातून १९६९ मध्ये बालश्रवणाची संयुक्त समिती उभी राहिली. तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं, की ही पद्धत सरसकट वापरण्याइतकी भरवशाची नाही. ज्यांच्यामुळे समिती झाली त्यांचंच काम तिनं बाजूला ठेवलं, याचं मला कौतुक वाटतं.

वाट सापडली १९७८ मध्ये, लंडनला. निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, क्षीणसा परतही देतो, हे डेव्हिड केम्प यांनी दाखवलं. तो टिपायची चाचणी म्हणजे ओएई. बाळानं काही करायला नको, फक्त शांत असायला हवं. बेरा चाचणी त्याच्या पुढची: कानापासून मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो का, ते डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून पाहतात. ओएई ठीक असूनही नसेत बिघाड असू शकतो, म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना बेराच हवी.

सहा महिन्यांच्या आत निदान झालेली मुलं भाषेत पुढे राहतात, हे १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या अभ्यासानं दाखवलं. मग २००० मध्ये समितीनं १-३-६ हे गणित मांडलं: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार. भारतात २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाही आला.

आता ‘रेफर’बद्दल. कागदावर हा शब्द दिसला म्हणजे बाळ बहिरं, असं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात ओल, चिकटा असतो, त्यानंही तसं येतं. म्हणून तर पुन्हा बोलावतात. पण ते बोलावणं नेमकं सव्वा महिन्यात येतं. आजी बाळंतिणीला उंबरठा ओलांडू देत नाही. बाळंतीण माहेरी इंदुरात, तिचं सासर पुण्याला. तिसऱ्या महिन्यात पाठवणी, आणि फाइल माहेरच्या कपाटात. अमेरिकेतही २००५ च्या सुमारास रेफर झालेली निम्म्याहून जास्त बाळं पुढच्या नोंदींत सापडत नव्हती, तेव्हा सगळा दोष आजीच्या माथी मारू नये.

माझ्या मते तारीख आजीसमोरच ठरवावी, आणि फाइल बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवावी. दोन-तीन महिन्यांचं बाळ दूध पिऊन झोपलं, की त्या झोपेतच बेरा होऊन जाते. वर्षाच्या पोराला त्यासाठी बहुतेकदा औषध देऊन झोपवावं लागतं.