चार ओहमचे स्पीकर आणि खोक्यावरचे वॅट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'किती वॅटचा?' स्पीकर आठ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असतील तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. चार ओहमचे असतील, आणि त्यातही थोड्या पॉवरवर दबकेच वाजणारे, तर मात्र नुसते वॅट बघून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर मैफल ऐन रंगात आली की 'टक्' करून गप्प होतो. आतल्या रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचने, स्पीकरची जोडणी तोडलेली असते. स्पीकर शाबूत असतो, अ‍ॅम्प्लिफायरही बिघडलेला नसतो. फक्त जोडी जमलेली नसते.

अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज देतो. त्या व्होल्टेजला किती करंट ओढायचा, हे स्पीकर ठरवतो. आठ ओहमला 100 वॅट म्हणजे साधारण 28 व्होल्ट आणि साडेतीन अ‍ॅम्पिअर. व्हॉल्यूमला हात न लावता तिथे चार ओहमचा स्पीकर जोडला की सात अ‍ॅम्पिअर लागतात, दोन ओहमला चौदा. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर बेताचे असतील तर एवढी ओढ त्यांना सोसत नाही. सकाळी इमारतीतले सगळे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं आतलं व्होल्टेज खाली येतं आणि आवाज चिरकायला लागतो.

शिवाय 'चार ओहम' हा आकडा कायम चार नसतो. स्पीकरचा इंपिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा त्याचा अडथळा, प्रत्येक सुराला वेगळा असतो. खर्जात कुठेतरी तो वीस-तीस ओहमपर्यंत चढतो, मग 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात बऱ्याचदा खाली येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापील आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला 3.2 ही तळाची मर्यादा. पण चार ओहमची चिठ्ठी लावून तीनच्याही खाली जाणारे स्पीकर बाजारात पुष्कळ आहेत. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची थाप साधारण याच पट्ट्याच्या आसपास असते, म्हणून आपल्या संगीताला ही खोलगट जागा चांगलीच जाणवते. 1980च्या दशकातला अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबन स्पीकर तर जेमतेम एक ओहमचा होता आणि भल्याभल्या अ‍ॅम्प्लिफायरची तो परीक्षा घ्यायचा.

खरी गोम फेजमध्ये, म्हणजे करंट आणि व्होल्टेजच्या वेळेतल्या फरकात, आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. स्पीकरमध्ये कॉइल असते, क्रॉसओव्हरमध्ये (जाड-बारीक सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटर असतात, त्यामुळे करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी शिगेला पोचत नाहीत. हा फरक 45 अंशांचा झाला की करंट भरपूर वाहत असताना स्पीकरवर व्होल्टेज कमी असतं. उरलेलं सगळं व्होल्टेज मग आउटपुट ट्रान्झिस्टरला झेलावं लागतं. पूर्ण आवाजाला क्लास एबी या नेहमीच्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरमधल्या उष्णतेची उसळी साध्या रोधाच्या तुलनेत अडीच पटींहून मोठी होते. संरक्षक सर्किट जागं होतं ते बहुधा अशा क्षणी.

आता मुंबईतल्या नेहमीच्या हॉलचा हिशेब करू. स्पीकर 86 डेसिबलचा, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला एक मीटरवर तेवढा आवाज देणारा, ऐकायचं अंतर दोन-अडीच मीटर. (हे 86 डेसिबल 2.83 व्होल्टला मोजलेले असतात. आठ ओहमला ते व्होल्टेज म्हणजे एक वॅट, चार ओहमला दोन. चार ओहमचा स्पीकर कागदावर उजवा दिसतो तो यामुळेच.) दोन्ही स्पीकर धरून तानेच्या किंवा तिहाईच्या टोकाला 98 डेसिबल हवे असतील तर साधारण 16 व्होल्ट लागतील. आठ ओहमला हे 32 वॅट झाले. इंपिडन्स तीन ओहमवर असेल तर त्याच आवाजाला 5.3 अ‍ॅम्पिअर, आणि लाटेच्या माथ्यावर साडेसात. शेजाऱ्यांचा विचार करून ऐकणाऱ्याला सरासरी एक-दोन वॅट पुरतात, पण ते साडेसात अ‍ॅम्पिअर क्षणभर का होईना, मिळायलाच हवेत.

म्हणून माहितीपत्रकात मी आधी चार ओहमचा आकडा शोधतो, आणि दोन ओहमचा दिला असेल तर त्याला जास्त मान देतो. पीएमपीओचा (क्षणिक कमाल पॉवरचा, फुगवलेला) आकडा वाचूच नका. आरएमएस (सलग देता येणारे) वॅट बघा, दोन्ही चॅनेल एकदम चालवून मोजलेले, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) एक टक्क्याच्या आत. एकाच चॅनेलवर, एक किलोहर्ट्झला, दहा टक्के डिस्टॉर्शन धरून छापलेले वॅट कामाचे नाहीत. आठ ओहमला 60 आणि चारला 110 देणारा अ‍ॅम्प्लिफायर मी आठला 100 आणि चारला 120 देणाऱ्यापेक्षा पसंत करेन. मात्र चार ओहमला बरोबर दुप्पट वॅट दिसले तर लगेच भुलू नका. काही कंपन्या आठ ओहमचा आकडा मुद्दाम कमी छापतात.

होम थिएटर रिसीव्हरच्या मागे 'किमान 6 ओहम' छापलेलं असेल तर ते शब्दशः घ्या. काहींना चार ओहमचा स्विच असतो. तो बहुधा आतलं व्होल्टेज उतरवून उष्णता आवरतो, ताकद वाढवत नाही. दोन चॅनेल ब्रिज करायचा, म्हणजे जोडून एकाच स्पीकरला लावायचा, सल्ला या स्पीकरसाठी नकोच, कारण प्रत्येक बाजूला चारऐवजी दोनच ओहम दिसतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आवडत असेल तर चार ओहमचा टॅप (ट्रान्सफॉर्मरवरची वेगळी जोडणी) असलेलाच घ्या. क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) घेताना आउटपुट फिल्टरनंतर फीडबॅक (दुरुस्तीसाठी परत घेतलेला सिग्नल) घेतलेला असेल तर स्पीकर बदलला म्हणून वरच्या पट्टीचा पोत बदलत नाही. अ‍ॅम्प्लिफायर कुठलाही असो, तो टीव्ही युनिटच्या बंद खणात कोंबू नका. मे महिन्यातल्या मुंबईच्या हवेत त्याला चारी बाजूंनी मोकळीक हवी.

मल्टिमीटरने स्पीकर तपासायचा झाला तर एक लक्षात ठेवा. मीटर डीसी रोध मोजतो आणि ट्वीटरच्या (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) वाटेवरचा कपॅसिटर डीसीला अडवतो, त्यामुळे मीटर 3.3 ओहम दाखवत असला तरी क्रॉसओव्हरच्या आसपास प्रत्यक्ष इंपिडन्स त्याहून कमी असू शकतो. वायर पाच मीटर लांब असेल तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा जाऊन-येऊन 0.115 ओहम रोध होतो, अडीचचा 0.07. तीन ओहमच्या स्पीकरला अडीचची वायर घ्या.